लेगियमवरचा आरोप

"तुझ्या लॅबांत रगत पाहतात, मूत पाहतात. मग हें कां पाहत नाहींत? पाहा, आणि अस्क्यांसमोर सांग, यांत विष आहे कां नाहीं!"

अंबुअत्यांनी स्टीलची बरणी माझ्या टेबलावर आपटली. बाहेर ओपीडीची रांग. आत सुंदरराव पोट धरून बसलेले, शेजारी त्यांची बायको विजया तोंड फिरवून उभी. बरणीत काळंभोर, तुपानं चकाकणारं काहीतरी होतं आणि त्याच्या सुंठ-मिऱ्याच्या वासानं माझ्या नर्सला दोन शिंका आल्या.

मी कुंभकोणममध्ये पोटाचा डॉक्टर आहे. म्हणजे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट, पण हा शब्द माझ्या पाटीवर सोडून कुणी वापरत नाही. आमचं घर मेलकावेरीतलं, मराठी. पूर्वज कधीतरी तंजावरच्या दरबाराबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात जे बोलतो ते मराठी पुण्यात शिकायला गेलो तेव्हा होस्टेलच्या मुलांना फार विनोदी वाटायचं. 'सगळे' म्हणायला आम्ही 'अस्की' म्हणतो. चांगलं असेल तर 'बेस'. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. तर पुण्याच्या कृपेनं हे तुम्हाला कळेल अशा मराठीत लिहितोय, आणि अत्यांचं बोलणं थोडं सोपं करून.

सुंदरराव आमच्यातलेच. वय पन्नाशीच्या आतबाहेर. स्वामीमलैमध्ये ब्राँझच्या मूर्ती ओततात, त्या पेट्यांत भरून परदेशी पाठवायचा त्यांचा धंदा. बोलणं मिस्कील. त्यांची आई ते लहान असतानाच गेली आणि अंबुअत्यांनी, म्हणजे वडिलांच्या विधवा बहिणीनं, त्यांना वाढवलं. अत्यांना स्वतःचं मूल नाही. सुंदर हेच त्यांचं सगळं.

काही महिन्यांपूर्वी सुंदररावांच्या पित्ताशयात खडे निघाले. आमच्या गावच्या एका सीनियर सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. ऑपरेशन छान झालं, टाके सुकले, सुंदरराव कामावर गेले. आणि मग पुन्हा दुखायला लागलं.

"डॉक्टर," सुंदरराव म्हणाले, "आधी दुखत होतं तिथंच दुखतंय. मग त्यांनी काढलं काय?"

प्रश्न रास्त होता. पण विजयाकडे उत्तर तयार होतं. तिनं बरणीकडे बोट दाखवलं. "हें विचारा. रोज सकाळीं उपाशीपोटीं लिंबाएवढा गोळा."

लेगियम म्हणजे काय ते सांगतो. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, गूळ, तिळाचं तेल आणि भरपूर तूप, हे सगळं तासन्‌तास आटवून केलेलं चाटण. इकडे बाळंतिणीला देतात. तुमच्याकडे डिंकाचे लाडू देतात, तसंच. त्याबरोबर पत्तियम, म्हणजे बाळंतिणीचं पथ्याचं जेवण. अंबुअत्यांचं लेगियम आमच्या मराठी घरांत प्रसिद्ध. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी माझ्या बायकोनं तेच खाल्लं आहे.

"पण अत्या," मी म्हटलं, "सुंदरराव बाळंत झालेले नाहीत."

"तिच्या पोटांतून काढतात, ह्याच्या पोटांतूनही काढलें. फरक काय?"

फरक काय हे मी जरा वेळ खरंच शोधत राहिलो. जगात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर बाळंतपणाचं औषध देणारं गाव आमचंच असावं.

आता थोडं शरीराबद्दल. पित्त तयार होतं यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये. पित्ताशय ही नुसती त्याची साठवणीची पिशवी. आपण तुपातेलाचं खाल्लं की पिशवी दाबली जाते आणि पित्त एका नळीतून आतड्यात येतं. पिशवी काढली तरी पित्त थांबत नाही. ते थेंबथेंब आतड्यात येतच राहतं. बहुतेक लोकांचं काही बिघडत नाही. पण उपाशीपोटी तुपाचा गोळा गेला तर काहींना धावत संडास गाठावं लागतं. सुंदररावांचं तेच होत होतं. सकाळी लेगियम, मग बस पकडेपर्यंत तीन फेऱ्या.

म्हणून लेगियम बंद करा म्हटलं. विजयाच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की मला लगेच पुढचं वाक्य घाईनं बोलावं लागलं. "जुलाब त्यानं होत असतील. दुखणं त्यानंच होतं असं मी म्हटलेलं नाही."

ते वाक्य कुणी ऐकलं नाही.

मला ते दुखणं पहिल्यापासून आवडलं नव्हतं. तुपाचं, गॅसचं दुखणं रेंगाळतं, पोटभर फिरतं, ढेकर आला की कमी होतं. हे तसं नव्हतं. उजव्या बरगडीखाली एकदम यायचं, पाठीत जायचं, घाम फोडायचं, तासभर मुक्काम करायचं आणि मग कधी आलंच नव्हतं असं निघून जायचं. मी रक्त तपासलं. लिव्हरच्या टेस्ट नॉर्मल. सोनोग्राफी केली. पित्ताची नळी किंचित रुंद, पण पित्ताशय काढल्यावर ती थोडी रुंद होतेच. बाकी नॉर्मल. दुर्बिणीनं जठर पाहिलं, तेही ठीक.

सीनियर सर्जनना फोन केला.

"ऑपरेशन एकदम क्लीन झालंय," ते म्हणाले. "खातो काय, विचारलंस?"

"लेगियम खात होता, सर."

"लेगियम! मग झालं की. केस क्लोज."

"सर, तसं दुखणं वाटत नाही."

"अरे, ते लेगियम मी खाल्लं तर मलाही दुखेल." आणि फोन ठेवला.

लेगियम बंद झालं, जुलाब थांबले. सगळे खूश. आठवड्याभरात सुंदररावांना पुन्हा तस्संच दुखलं. मला वाटलं, आता तरी लेगियम आरोपातून सुटलं. पण विजया हुशार बाई. तिनं पंचनामा सुरू केला. घर शोधलं, देवघर शोधलं, शेवटी स्वामीमलैच्या गोडाऊनला गेली. तिथं जर्मनीला निघालेल्या एका नटराजाच्या पेटीत, गवतात, नटराजाच्या पायाशी लेगियमचा डबा सापडला.

सुंदरराव माझ्यासमोर शाळकरी पोरासारखे बसले होते. "एकच बोट खायचों, डॉक्टर. दुपारच्याला. लहानपणापासूनची सवय. गोड लागतें."

"अत्यांनी दिलं?"

"नाहीं हो, चोरलें. त्यांना ठाऊकही नाहीं."

हे घरी कोण मानणार? विजयाच्या लेखी अत्यांनीच लपवून पोचवलं होतं. त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीं ह्यांना मारून मग स्वस्थ बसाल." विजया वाईट नाही. नवरा रात्री विव्हळत बसतो ते तिनं पाहिलं होतं, आणि भ्यालेला माणूस समोर दिसेल त्याला धरतो. पण बोललेलं बोललं गेलं. अंबुअत्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं सोडलं. बॅग भरली. धाकट्या भावाचा मुलगा चेन्नईला असतो, चौथ्या मजल्यावर. आता कायमचं तिकडेच, म्हणाल्या.

सुंदरराव हे सगळं मला सांगायला एकटे आले. "डॉक्टर, त्या गेल्या तर परत यायच्या नाहींत. तिथं त्यांना कुणीच ओळखत नाहीं. गेटाबाहेर पाय टाकायच्या नाहींत. हें दुखणें लेगियमाचें नसेल तर तेवढें सांगा. असेल तर मींच सांगतों त्यांना, पण खरें काय तें कळू दे."

इतके दिवस थट्टा करणाऱ्या माणसानं त्या दिवशी एकही विनोद केला नाही. मलाही वाईट वाटलं. पण मला नुसतं वाईट वाटून भागणार नव्हतं. खडा नळीत असेल तर पुढे कावीळ, जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाला सूज, काहीही होऊ शकतं. आणि खडा आहे की नाही हे कळत नव्हतं, कारण दरवेळी दुखायचं घरी, आणि माझ्याकडे यायचे ते दुखणं थांबल्यावर.

"ॲडमिट व्हा," मी म्हटलं. "दोन-तीन दिवस. खायचं फक्त आमच्या कँटीनचं. इडली, रसम भात, ताक. तुपाचा थेंब नाही. दुखलं तर त्याच मिनिटाला रक्त घेऊ. नाही दुखलं तर विजयाताई जिंकल्या."

ही अट अंबुअत्यांच्या कानावर गेली आणि त्या बॅगेसकट हॉस्पिटलात हजर झाल्या. खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. म्हणाल्या, "आंत काय जातें तें मी पाहणार. उद्यां कोणी म्हणायला नको, म्हातारीनें दिलें."

माझ्या पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतका कडक सिक्युरिटी गार्ड आमच्या हॉस्पिटलला लाभला नाही. स्वतःच्या हातच्या लेगियमविरुद्ध स्वतःच पहारा! भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडायला लावत. गोडाऊनच्या माणसांनी केळी आणली, ती सालं सोलून बघितली. एका नर्सच्या डब्यातून तुपाचा वास आला म्हणून तिला आत सोडेनात. शेवटी मी जाऊन सोडवलं. एक भाचा तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाचा प्रसाद घेऊन आला, खोबऱ्याचं सारण भरलेले मोदक. अत्यांनी तो हातातून काढून घेतला, कपाळाला लावला आणि तिथंच बसून सगळा खाल्ला. "देवाचा प्रसाद परत पाठवायचा नाहीं," म्हणाल्या. "आणि आंतही सोडायचा नाहीं."

विजया आत, अत्या बाहेर. मध्ये दार. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. कँटीनची इडली मात्र दोघींनाही आवडली नाही, आणि ते दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं.

पहिला दिवस शांत गेला. सुंदरराव कंटाळले. "डॉक्टर, पॅकिंग मजबूत आहे, आंतला माल हलतोय," असे विनोद करत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ताकभात खाल्ला. मी ओपीडीत होतो. नर्सचा फोन आला, "सर, पेन आलं."

पेशंटचं दुखणं आलं हे ऐकून मला आनंद झाला. हे वाक्य लिहायला बरं दिसत नाही, पण झाला.

मी खोलीत पोचलो तेव्हा सुंदरराव गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. कपाळावर घाम. अंबुअत्या पहारा सोडून आत आल्या होत्या. विजयाकडे बघून त्यांनी तोंड उघडलंच होतं, "पाहिलेंस? आतां काय खाल्लें ह्यानें? ताक..." आणि त्यांची नजर सुंदररावांच्या चेहऱ्यावर गेली. वाक्य तिथंच थांबलं. त्या कॉटच्या टोकाशी बसल्या, सुंदररावांचे पाय मांडीवर घेतले आणि मला म्हणाल्या, "डाक्टर, दोष मजवरच राहूं दे. मींच दिलें म्हण. पण ह्याचें दुखणें थांबव."

नर्सनं रक्त काढलं, मी दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि लॅबमध्ये स्वतः घेऊन गेलो.

रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे चांगलेच चढलेले, बिलिरुबिनही वाढलेलं. दोन-तीन आठवड्यांपूर्वी हेच सगळं नॉर्मल होतं. कोडं सुटलं. मोरीच्या पाइपात चिंचोका अडकला की पाणी तुंबतं आणि चिंचोका जरा सरकला की पाणी वाहतं. तेव्हा प्लंबर आला तर म्हणतो, पाइप ठीक आहे. तसंच. नळीच्या तोंडाशी खडा अडकला की पित्त तुंबतं, दुखतं, लिव्हर रक्तात तक्रार करतं. खडा पुन्हा वर तरंगला की सगळं शांत, टेस्टही शांत.

संध्याकाळीच तंजावरला पाठवून एमआरसीपी केली. म्हणजे एमआरआयनं काढलेलं पित्तनळ्यांचं चित्र. सुई नाही, दुर्बीण नाही. नळीच्या अगदी खालच्या टोकाला लहानसा काळा ठिपका. सोनोग्राफीत ती जागा आतड्यातल्या हवेमुळे नीट दिसत नाही, म्हणून आधी सुटला होता.

सर्जनना फोन केला.

"सर, नळीत खडा आहे."

"ऑपरेशनच्या आधीच घसरला असणार. किंवा त्या वेळी. होतं असं कधी कधी. गुड कॅच." मग पुन्हा, "पण लेगियम खात होता ना तो?"

"खात होता, सर."

"मग!" म्हणाले, आणि समाधानानं फोन ठेवला.

आता खडा काढायचा होता. त्याला ईआरसीपी म्हणतात. तोंडातून दुर्बीण घालायची, आतड्यात जिथं पित्तनळी उघडते तिथं पोचायचं, त्या तोंडाला बारीक चीर द्यायची आणि लहानसा फुगा नळीत फुगवून खडा खाली ओढून आणायचा. मी ते तंजावरच्या एका हॉस्पिटलात करतो. तिथं एक्स-रेचं यंत्र आहे. घरच्यांना समजावून सांगितलं, धोकेही सांगितले. विजयानं सही केली. अत्यांनी सगळं ऐकून विचारलं, "तोंडांतून निघतो? मग पहिल्या वेळीं पोटाला भोकें कां पाडलीं?"

"अत्या, पिशवी तोंडातून निघत नाही. खडा निघतो."

"सरि," म्हणाल्या, म्हणजे तमिळमधलं 'बरं'. समाधान झालेलं दिसलं नाही.

प्रोसिजर अर्ध्या तासात झाली. चीर दिली, फुगा ओढला आणि तुरीच्या दाण्याएवढा पिवळट खडा आतड्यात पडला. मागोमाग कोंडलेलं पित्त भळाभळा वाहिलं. आमच्या धंद्यात हे दृश्य फार सुंदर मानतात. बाहेरच्या लोकांना सांगू नये, पण मी सांगतोच.

बाहेर आलो तर एकाच बाकाच्या दोन टोकांना दोघी. मध्ये तिसऱ्या माणसाची जागा रिकामी. मी तिथंच बसलो.

"खडा निघाला. सुंदरराव ठीक आहेत. उद्या-परवा घरी."

विजयानं डोळ्यांना पदर लावला. अत्या मात्र सरळ बसल्या होत्या. "मग सांग. तूं म्हणालास अस्क्यांसमोर सांगतों."

मी असं कधी म्हटलं नव्हतं, पण म्हटलं, सांगून टाकू. "दुखणं लेगियमचं नव्हतं. खड्याचं होतं. लेगियम खाल्लं असतं किंवा नसतं, ते दुखलंच असतं. जुलाब मात्र लेगियमचे होते. तिथं सुटका नाही."

अत्यांनी थोडा विचार केला. "जुलाब म्हणजे पोट साफ झालें," त्या म्हणाल्या. "त्यालाच औषध म्हणतात."

मला हसू आवरेना. विजयाही हसली, रडता रडता. मग ती उठली, अत्यांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चेन्नईला जायचें नाहीं."

"कां? लेगियम वाईट म्हणतेस ना?"

"लेगियम वाईट. तुम्हीं नाहींत."

अंबुअत्यांनी तिचा हात धरला आणि शेजारी बसवून घेतलं. इतके दिवस एकही अश्रू न ढाळलेली ती म्हातारी मग जी रडायला लागली, ती वॉर्डबॉय बघायला येईपर्यंत थांबली नाही. मी तिथून उठलो. डॉक्टरनं हॉस्पिटलच्या बाकावर रडू नये असा एक अलिखित नियम आहे.

सुंदररावांना त्यानंतर तसं दुखलेलं नाही. परवा स्वामीमलैहून येताना भेटले. आता लेगियम जेवणानंतर, अर्धा चमचा, तूप कमी घातलेलं, आणि ते विजया स्वतः देते. "तूप नाहीं घातलें तर त्याला लेगियम नव्हे, चिखल म्हणतात," असं अत्यांचं मत आहे, पण त्या करून देतात.

पित्ताशय काढल्यानंतर जुनंच दुखणं जुन्याच जागी आलं तर नुसतं पथ्य बदलून थांबू नका. दुखत असताना रक्त तपासून घ्या. दुखणं गेल्यावर रक्त फार सभ्यपणे वागतं. आणि घरात गुन्हेगार पहिल्या पाच मिनिटांत सापडला तर तपास चालूच ठेवा. बहुतेक वेळा तो फक्त सगळ्यात जवळ बसलेला माणूस असतो.